दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट

नाशिकमध्ये इंदिरानगर, सिडको किंवा गंगापूर रोड परिसरातील एखाद्या उंच इमारतीवरून पाहिले, तर आजूबाजूच्या गच्च्यांवर सौर पॅनेलच्या रांगा सहज नजरेस पडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८ हजार रुपये, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते. पॅनेल बसवताना घरोघरी चर्चा होते ती या अनुदानाची आणि ठेकेदाराच्या दराची. तयार झालेल्या विजेचा हिशेब पुढील वीस-पंचवीस वर्षे कोणत्या पद्धतीने होणार आहे, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच येतो, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

सध्याची पद्धत नेट मीटरिंगची आहे. दुपारी घरात वापरून उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, सूर्य मावळल्यावर घर त्याच जाळ्यातून वीज घेते, आणि महिनाअखेर दोन्हींची वजावट होते. उदाहरणादाखल तीन किलोवॅटची यंत्रणा असलेले एक घर घेऊ. मार्च महिन्यात तिने ३६० युनिट निर्माण केले, त्यांपैकी १०० घरातच वापरले गेले आणि २६० बाहेर गेले. रात्री-पहाटे त्या घराने जाळ्यातून २२० युनिट घेतले. म्हणजे ४० युनिट शिल्लक राहिले आणि बिलात वीज आकार शून्य आला. तरीही बिल शून्य येत नाही, कारण स्थिर आकार द्यावाच लागतो.

आता या हिशेबातील एक बारकावा, जो नाशिकच्या हवामानाशी थेट निगडित आहे. येथील हिवाळा स्वच्छ उन्हाचा आणि थंड असतो. पॅनेल फार तापत नसल्यामुळे त्यांची कार्यक्षमता चांगली राहते, आणि पंखे, कूलर, एसी बंद असल्याने घरातील वापर कमी असतो. त्यामुळे नोव्हेंबरपासून शिल्लक युनिट साठत जातात. परंतु ही शिल्लक आर्थिक वर्षापुरतीच पुढे ओढली जाते. ३१ मार्चला उरलेले युनिट वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतले जातात आणि तो दर वरच्या टप्प्यातील घरगुती दरापेक्षा बराच कमी असतो. ज्या पावसाळ्यात गोदावरीचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला लागते आणि आठवडा-आठवडा आकाश उघडत नाही, त्या दिवसांत हिवाळ्यातील शिल्लक उपयोगी पडावी, असे कोणालाही वाटेल. नियमाप्रमाणे ती तेव्हा उरलेलीच नसते.

म्हणूनच गच्चीवर जागा आहे म्हणून मोठी यंत्रणा बसवणे नेहमीच शहाणपणाचे ठरत नाही. घरगुती दर टप्प्यांत आहेत: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. सौर वीज वापरातून वजा होते तेव्हा सर्वांत आधी वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातील युनिट गळतात. दरमहा ३५० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला पहिल्या किलोवॅटपासून होणारी बचत तिसऱ्या किलोवॅटच्या बचतीपेक्षा निश्चितच मोठी असते. हे गणित विक्रेत्याने स्वतःहून मांडायला हवे.

वजावटीच्या या पद्धतीत जाळे हे ग्राहकासाठी विनामूल्य कोठारासारखे आहे, आणि नेमके येथेच मतभेद सुरू होतात. दुपारी सर्वत्र सौर वीज मुबलक असते. संध्याकाळी दिवे, टीव्ही, स्वयंपाकघर एकाच वेळी सुरू होतात, तेव्हा सूर्य नसतो आणि नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या कोळशावरील वीजकेंद्रांवर भार येतो. दुपारी दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट समान मोलाचे मानायचे का, हा वाद जगभर चालू आहे. हवाईने २०१५ मध्ये नव्या ग्राहकांसाठी नेट मीटरिंग बंद केले. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ नंतर अर्ज करणाऱ्यांना बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी केला. महाराष्ट्रातही दरांची दिशा दिवसाकडे झुकू लागली आहे: जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (वापराची वेळही नोंदवणारे मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली आहे.

वेळेनुसार दर असणे आम्हांला तत्त्वतः रास्त वाटते, कारण संध्याकाळच्या विजेचा खर्च खरोखरच अधिक असतो आणि ज्यांच्याकडे स्वतःची गच्ची नाही अशा भाडेकरूंवर व सदनिकाधारकांवर तो भार ढकलला जाऊ नये. मात्र एका पद्धतीवर विसंबून ज्यांनी कर्ज काढून यंत्रणा बसवली, त्यांच्यासाठी ती पद्धत मध्येच बदलणे अन्यायाचे होईल. बदल करायचा तर तो नव्या अर्जदारांसाठी, आणि पुरेशी पूर्वसूचना देऊन व्हावा.

दर कसेही बदलले, तरी आपण निर्माण केलेले आणि घरातच त्याच वेळी वापरलेले युनिट कोणत्याही वजावटीवर अवलंबून नसते. सकाळी नळाला आलेले पाणी जमिनीखालच्या टाकीतून वर चढवणारी मोटार दुपारी बारानंतर लावता येते. वॉशिंग मशीन आणि इस्त्रीही दुपारीच उरकता येते. पहाटेच्या गिझरचे मात्र तसे होत नाही, त्यासाठी सौर बंब हा वेगळा आणि स्वस्त पर्याय आहे. नवी यंत्रणा घेण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवून प्रत्येक महिन्याचा वापर मांडावा, आणि यंत्रणेचा आकार मे महिन्याच्या बिलावरून न ठरवता संपूर्ण वर्षाच्या बेरजेवरून ठरवावा.