चहाचं जहाज, लोकरीची भाकरी

नमस्कार मंडळी. लंडनला पाहुणे आले की आपण त्यांना ग्रिनिचला नेतो, ‘कटी सार्क’समोर उभं करून फोटो काढतो आणि सांगतो, “हे चहाच्या शर्यतीचं जहाज.” ते खोटं नाही. पण इंग्रजांच्या पंचवीस वर्षांच्या चाकरीत या जहाजाने चीनहून चहा आणला तो आठच फेऱ्यांत.

जॉन विलिस या मालकाने ते बांधून घेतलं ते चहासाठीच. २२ नोव्हेंबर १८६९ला स्कॉटलंडमध्ये डंबार्टनला ते पाण्यात उतरलं. त्याच्या पाचच दिवस आधी सुवेझ कालवा खुला झाला होता! कालव्यातून शिडाचं जहाज ओढून न्यायचं म्हणजे खर्च, आणि पुढे तांबड्या समुद्रातलं वारं लहरी. त्यामुळे शिडाची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात राहिली आणि जवळची वाट आगबोटींना मिळाली. चहाचं भाडंही हळूहळू त्यांच्याकडेच गेलं. आपल्या रत्नागिरीकडचे कितीतरी खलाशी पुढे नोकरीला लागले ते या आगबोटींवरच.

ग्रिनिचला गेलात की जहाजाच्या खाली जाऊन तळ जरूर बघा. सांगाडा लोखंडाचा, फळ्या लाकडाच्या, वरच्या भागात तर सागवानाच्या. नुसत्या लोखंडाला शिंपले चिकटतात आणि वेग मरतो. त्यावर उपाय तांब्या-जस्ताच्या पत्र्याचा, पण तो थेट लोखंडावर ठोकला तर खाऱ्या पाण्यात लोखंडच खाल्लं जातं. मधे लाकूड आलं ते म्हणून.

माणसं तिसाच्या आसपास, शिडं बत्तीस हजार चौरस फूट. चार तास काम, चार तास आराम. संध्याकाळी चार ते आठच्या मधे मात्र दोन-दोन तासांच्या पाळ्या, म्हणजे रोज त्याच माणसांच्या कपाळी मध्यरात्र यायची नाही. वादळ आलं की आराम रद्द. परबाण म्हणजे डोलकाठीवरचा, शीड बांधायचा आडवा वासा. त्याच्याखाली ताणलेल्या दोरावर पाय टेकवायचे, पोट परबाणावर दाबायचं आणि ओलं, ताठरलेलं शीड बोटांनी ओढून गुंडाळायचं. जेवायला खारवलेलं मांस आणि दगडासारखं बिस्कीट. त्या बिस्किटापुढे आपला शिळा पाव म्हणजे पक्वान्न.

१८७२ची गोष्ट सांगतो. शांघायहून ‘थर्मोपिली’ हे चहाचंच दुसरं शिडाचं जहाज आणि ‘कटी सार्क’ बरोबरीने निघाली. जावा-सुमात्रामधली सुंदाची सामुद्रधुनी ओलांडल्यावर आपलं जहाज चांगलं पुढे होतं, आणि ऑगस्टमध्ये वादळात सुकाणूच तुटून गेलं. मालकाचा भाऊ जहाजावर होता. तो म्हणाला, जवळचं बंदर गाठा. कप्तान मूडी म्हणाला, नाही. मग हेन्री हेंडरसन नावाच्या सुताराने जास्तीच्या लाकडी काठ्या आणि लोखंड घेऊन डेकवरच नवं सुकाणू घडवायला घेतलं. डेक हिंदकळतोय, त्यावर भट्टी पेटलेली. ती एकदा कलंडली आणि निखाऱ्यांनी कप्तानाच्या मुलाला भाजलं. तरी सुकाणू झालं आणि बसलंही. जहाज लंडनला पोचलं १२२ दिवसांनी, ‘थर्मोपिली’नंतर आठवड्याने. हरलं ते, पण मला त्याच्या जिंकलेल्या फेऱ्यांपेक्षा ही हरलेली फेरी जास्त आवडते.

चहा सुटल्यावर मिळेल तो माल. सिडनीचा कोळसा शांघायला, मनिलाचा ताग न्यूयॉर्कला. १८८३पासून ऑस्ट्रेलियाची लोकर मिळाली आणि जहाजाचं नशीब उघडलं. लोकरीचे गठ्ठे दाबून दाबून कोंबायचे, कारण भाडं मालाचं, मोकळ्या जागेचं नव्हे. १८८५मध्ये रिचर्ड वुडगेट कप्तान झाला. माणूस हौशी: फोटो काढायचा, कुत्री पाळायचा. पण वारं शोधत दक्षिणेला पार हिमनगांपर्यंत जहाज न्यायचीही त्याची तयारी असे. त्याच्या पहिल्याच वर्षी सिडनी ते लंडन ७३ दिवसांत झालं. जुलै १८८९मध्ये तर ‘ब्रिटानिया’ या टपाल नेणाऱ्या आगबोटीला रात्री मागून दिवे येताना दिसले, आणि बघता बघता एक शिडाचं जहाज तिला मागे टाकून गेलं. कोणतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

एवढं करूनही हिशेब जुळेना. आगबोटींनी पुढे लोकरीलाही हात घातला, आणि १८९५मध्ये विलिसने जहाज पोर्तुगिजांना विकलं. त्यांनी त्याचं नाव ‘फेरेरा’ ठेवलं आणि १९२२पर्यंत, मालकी बदलत, त्याच्याकडून माल वाहून घेतला.