शहापूरच्या आजी आणि चार राज्यं

या आजींच्या जन्माची नोंद कुठेच नाही. घरात हिशोब सांगतात तो असा: बेळगावात काँग्रेस भरली, तेव्हा त्यांच्या आईला सहावा महिना होता. ते अधिवेशन डिसेंबर १९२४ चं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथेच. तेव्हा आजींचा जन्म १९२५ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला धरायला हरकत नाही.

अधिवेशन भरलं इंग्रजांच्या हद्दीत. शहापूर मात्र सांगली संस्थानात, पटवर्धनांकडे. बेळगावातून चालत गेलं तरी संस्थान लागायचं.

घर विणकराचं. पुरुष खड्डामागावर बसायचे, कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरणं बायकांकडे. लडी चढवायची, उजव्या हाताने रहाट फिरवायचा आणि डाव्या चिमटीतून सूत कांडीवर सोडायचं. तुटलं तर थुंकी लावून पीळ द्यायचा. चिमटीतला घट्टा म्हातारपणीही गेला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाची झळ या घराला लागली ती सुतामुळे. १९४३ मध्ये सूत नि कापड कंट्रोलमध्ये गेलं आणि माग अडून बसू लागला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. धोटा होता तसाच फिरत राहिला.

मग १९५६. १७ जानेवारीला बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली. १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. घरातले पुरुष मोर्चाला जात होते, पण आजी अजून भांडायच्या त्या नव्या पैशावरून! १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस, हे सरळ. पण एका आण्याचे सव्वासहा होतात आणि हातावर टेकवायचे सहाच. ज्यांची मजुरी आण्यांत मोजली जायची, त्यांना विचारा तो पाव पैसा कुठे गेला. सीमाप्रश्नावरच्या भाषणांत हा पाव पैसा कधी ऐकला नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यावर चाल करायला फौजा बेळगावात जमल्या. आजी सांगायच्या, "गाड्या जाऊलालेत, जाऊलालेत, संपतच न्हाईत."

पुढचं भराभर. १९६७ मध्ये सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला आणि बेळगाव होतं तिथेच राहिलं. १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं. दरम्यान गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला, कांड्यांचं काम आटलं. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळ्या चालल्या. २००४ मध्ये महाराष्ट्र सीमाप्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात गेला. आजींचा एक नातू तोवर नोकरीसाठी पुण्याला.

१ नोव्हेंबरला इथे एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन. मराठी भागात हरताळ. म्हणून ३१ ऑक्टोबरलाच भाजी आणून ठेवायची, हा आजींचा नेम. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. नव्वदीला टेकलेल्या आजींनी त्याही वर्षी आदल्या दिवशी सुनेला पिशवी देऊन बाजारात पिटाळलं होतं.