वर्गणीची पावती

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीला मंडळाची मुलं आली की आमच्या घरची पावती माझ्या नावानं फाटायची. पलीकडच्याच खुर्चीत दादा बसलेला असायचा, माझा थोरला भाऊ. त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही. दादाला स्किझोफ्रेनिया आहे, 22 वर्षं झाली.

पूर्वी त्याच्या कानात आवाज यायचे. औषधांनी ते पुष्कळ ओसरले. आता हात थरथरतात, चाल मंदावली आहे. ते पाहून लोक मुलांना जवळ ओढून घेतात. अहो, ही थरथर बहुतेक वेळा गोळ्यांमुळे येते. तो नेमानं औषध घेतो, त्याची ती खूण आहे!

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात 19वं कलम आहे. घरचे नेत नाहीत, डोक्यावर छप्पर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे. पण सुटीचा कागद घेऊन माणसानं जायचं कुठे? कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करतात, त्यांचं घर शोधून तिथं पोहोचवतात. 2018 साली वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी पोहोचवलेला माणूस पुढं टिकायचा, तर त्या गावानंही त्याला आपला म्हणायला हवं.

तुमच्या शेजारी असं कुणी असेल, तर सरळ त्याच्याशीच बोला, घरच्यांमार्फत नको. भास सांगत असेल तर वाद घालू नका, हसू तर मुळीच नका. सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

तीन वर्षांपूर्वी मंडळातल्या एका पोरानं थेट विचारलं, "दादा, तुमची वर्गणी?" दादा उठला, आतून 51 रुपये घेऊन आला. ती पावती अजून त्याच्या गोळ्यांच्या डब्यात आहे. ढोलताशा त्याला सोसत नाही, म्हणून मुलांनी त्याला सकाळचं काम दिलं: दूर्वा निवडायच्या, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायच्या. थरथरत्या हातांनी दोरा गुंडाळायला वेळ लागतो. तोवर आरती थांबते.