बादलीत फुगलेलं पीठ

या, बसा, मागे उभे राहू नका, पुढे चिक्कार खुर्च्या आहेत. आधी एक काम करतो, हा पारदर्शक डबा इथे टेबलावर ठेवतो. घरून निघताना मळलेलं पावाचं पीठ आहे यात, अर्धा किलो मैदा, सव्वातीनशे ग्रॅम कोमट पाणी, 10 ग्रॅम मीठ, दोन चमचे साखर, थोडं तेल आणि 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. रबरबँड आहे ना डब्याला, तिथे पीठ होतं तेव्हा. आता मधेमधे माझ्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघा.

रिटायर झाल्यावर आपल्या नाशिकचे लोक सोमेश्वरला फिरायला जातात, मी पाव करायला लागलो. पहिला पाव डिसेंबरात. रेसिपीत लिहिलेलं एक तास झाकून ठेवा, मी घड्याळ लावून एक तास ठेवलं, पीठ ढिम्म. अजून अर्धा तास दिला, तरी तसंच, मग वैतागून गोळा उचलला आणि टाकला ओल्या कचऱ्याच्या बादलीत. सकाळी बायको म्हणाली, अहो बादलीचं झाकण कोणी उचललं? कोणी नाही, पिठानेच उचललेलं! रात्रभरात मस्त फुगून वर आलं होतं. म्हणजे यीस्ट चांगलं होतं, पीठ चांगलं होतं, घाई माझी होती.

आपल्याकडे थंडीत निफाडला पारा पाच-सहावर येतो, शहरातसुद्धा रात्री ओट्याला हात लावला तर गार लागतो आणि रेसिपी लिहिणाऱ्याचं किचन असतं 25-26 डिग्रीचं. साधारण दहा डिग्रीने उष्णता कमी झाली की यीस्टचं काम निम्म्यावर येतं असं धरा, म्हणजे तिथला एक तास इथे दोन-अडीच तास, आणि मे महिन्यात उलटं, चाळीस मिनिटांत पीठ डब्याबाहेर. तेव्हा घड्याळ नाही, पीठ बघायचं. बोटाला पीठ लावून हळूच दाबा, खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर झालं, आणि भरलाच नाही, पीठ खालीच बसलं, तर उशीर झाला. घाई असेल तर बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचं भांडं ठेवा आणि शेजारी पीठ. पण यीस्टमध्ये उकळतं पाणी ओतू नका बरं का, साठ डिग्रीच्या आसपास ते मरतं. मनगटाला कोमट लागलं की पुरे. आणि खरं सांगू, गारठ्यात सावकाश फुगलेल्या पावाला जी चव येते ती उन्हाळ्यात येतच नाही.

मळण्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. पुरणपोळीची कणिक तिंबता ना तेल-पाणी लावून, मांड्यांची तर त्याहून सैल, हातावर ओढली तरी न फाटणारी, तेच हवंय इथे. छोटा तुकडा बोटांनी ताणा, पडद्यासारखा पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. बरेच जण चिकटतं म्हणून वरून मैदा घालत जातात, मग पावाची वीट होते. चिकटू दे, दहा मिनिटं झाकून ठेवा, आपोआप सुधारतं. सगळी गव्हाची कणिक घ्यायची असेल तर पाणी अजून जास्त लागेल आणि पाव दाटच होणार, कारण मळताना पिठात जी चिवट जाळी तयार होते ती कोंडा कापतो. मी निम्मं-निम्मं करतो.

(एक ताई विचारतात, नानकटाई पसरते का?) हां, चांगलं विचारलंत. माझ्या लहानपणी दिवाळीआधी पत्र्याच्या डब्यात घरचं सामान घेऊन आम्ही पोरं बेकरीत रांग लावायचो, चिठ्ठी चिकटवलेले डबे ओळीने आणि भट्टीची ती गरम तुपाची हवा. तिथले चाचा घड्याळ बघायचेच नाहीत, भट्टीच्या तोंडाशी हात धरायचे, मनात काहीतरी मोजायचे आणि म्हणायचे, अभी नहीं. तर पसरते तुपामुळे. 100 ग्रॅम तूप, 100 पिठीसाखर, 200 मैदा, पण तूप थिजलेलं हवं, पातळ नको. उन्हाळ्यात गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग 160-170 वर पंधरा-अठरा मिनिटं. काढताना मऊच असते, कच्ची समजून परत आत ढकलू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होते. आणि वाटीने मोजू नका, दाबून भरलेल्या आणि भुरभुरून भरलेल्या वाटीत सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो, काटा घ्या. ओटीजीच्या, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या, बटणावरही विश्वास नको, माझा 180 वर लावला की आत 200 असतो, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतला तेव्हा कळलं, तोवर सगळे केक वरून काळे आणि आत ओले, दोष मात्र मी अंड्यांना देत होतो.

एक नाशिकची गंमत. इटलीत टस्कनीला द्राक्षतोडणीच्या दिवसांत चपट्या पावात काळी द्राक्षं आणि साखर दाबून भाजतात. ते सप्टेंबरात, आपली द्राक्षं जानेवारीपासून मार्चपर्यंत. काळी सीडलेस घ्या, याच पिठावर दाबा, चिमूटभर बडीशेप. रस फुटून ट्रेला चिकटतो, म्हणून खाली बटर पेपर हवाच, माझा एक ट्रे अजून जांभळा आहे.

वेळ झाली अशी खूण करताहेत संयोजक. पण डबा बघा, रबरबँडपासून वर आलंय खरं, दुपटीला अजून दोन बोटं कमी आहेत. तो पंखा बंद करा कोणीतरी, आणि चहा आधी आणा, ओव्हन नंतर लावू.