शून्याच्या डावीकडे

(दृश्य: दादरच्या एका कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.)

मॅडम पेपर रोल नंबरप्रमाणे लावतायत. आधी 17. मग 9, तो सतराच्या डावीकडे. 23 जागच्या जागी. आणि 4? तो एकेक पेपर ओलांडत थेट पहिल्या जागेवर. त्याच्या डावीकडे काहीच नाही, म्हणून हात थांबतो.

ही इन्सर्शन सॉर्ट, म्हणजे प्रत्येक नवा आकडा आधीच्यांत योग्य जागी घुसवत क्रम लावणं. प्रोग्रॅममध्ये नेमकं हे थांबणंच चुकतं.

मागच्या बाकावरच्या मुलाने सी भाषेत अट लिहिलीय: जागा शून्य (सीमध्ये पहिली जागा शून्य) किंवा त्याहून मोठी आणि तिथला आकडा हातातल्यापेक्षा मोठा असेपर्यंत डावीकडे सरकायचं. वाचायला बिनचूक. पण ही 'जागा' अनसाइन्ड आहे, तिला ऋण संख्या ठाऊकच नाही. शून्यातून एक वजा केला की 32 बिटांत येतात 4294967295. सी भाषेच्या नियमात हे बसतं, त्यामुळे कुणी अडवत नाही. जागेची अट कायम खरीच.

(दृश्य: स्क्रीनवर प्रोग्रॅम कोसळतो.)

जागेसाठी 32 बिटांचा अनसाइन्ड इंट होता तेव्हा प्रोग्रॅम लगेच कोसळला. चार-चार बाइटचे आकडे, म्हणजे तो वाचायला गेला सुमारे 16 जीबी पुढे! मग मुलाने साइझ-टी (तोही अनसाइन्डच, पण इथे 64 बिटांचा) वापरलं, आणि उत्तर चक्क बरोबर आलं.

मला खरी धास्ती या बरोबर उत्तराची वाटते. 64 बिटांच्या मशीनवर मेमरीतला पत्ताही वळसा घेतो आणि बहुतेक वेळा अ‍ॅरेच्या, म्हणजे आकड्यांच्या यादीच्या, अगदी आधीच्या घरात पोचतो. तिथे योगायोगाने लहान आकडा असला, तर लूप, म्हणजे डावीकडे सरकत राहणं, थांबतं. जागेत एक मिळवला की पुन्हा शून्य, आणि सगळं सुरळीत दिसतं. मोठा आकडा असला, तर तो परका आकडा रोल नंबरांच्या यादीत घुसतो. आज चाललेला प्रोग्रॅम उद्या का बिघडला, हे शोधताना रात्री जातात.

मॅडम फळ्यावर अट बदलतात. आधी विचार: जागा शून्याहून मोठी आहे का? हो असेल तरच एक वजा करून डावीकडचा आकडा बघ. क्रम उलटा चालणार नाही; '&&'च्या (म्हणजे 'आणि'च्या) डावीकडचं खोटं ठरलं, तरच सी उजवीकडे बघायचं टाळते.

जीसीसीत (सीचा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर) जादा इशारे सुरू केल्यावर जुन्या ओळीखाली सूचना उमटते: ही तुलना नेहमीच खरी.

मुलगा आता रिकामी यादी देऊन बघतोय. मग एकच आकडा. मग 17 आणि 9.