दहा मिनिटांची काचपट्टी

(दृश्य : चट्टा, अगदी जवळून)

कड बघा. मधली कातडी जवळजवळ साफ झालेली, आणि भोवती लालसर, खवले धरलेली, किंचित उचललेली कड. बुरशी मधून बाहेर सरकत जाते, म्हणून हा गोल. याला कुणी गजकर्ण म्हणतं, कुणी नायटा. नजरेनं ओळखता येतो, असं सगळ्यांनाच वाटतं. चित्रीकरण सुरू केलं तेव्हा आम्हालाही वाटत होतं.

(दृश्य : कापूस, स्पिरिट, ब्लेड)

आधी स्पिरिट. आधीचं मलम, तेल, पावडर पुसून काढायची, नाहीतर काचेखाली त्याचेच थेंब दिसत राहतात. मग बोथट ब्लेड. खरवडायचं ते कडेवरून. बुरशी जोमात असते ती तिथे. हाताचा कोन पाहा. ब्लेड कातडीत रुतत नाही, नुसते खवले सुटतात. काचपट्टीवर पडलेला हा कोंडा चिमटीतसुद्धा येणार नाही, पण एवढा पुरतो.

त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब. द्रावण १० टक्क्यांचं. वरून कव्हरस्लिप, म्हणजे काचेची पातळ चकती. हीच ती केओएच टेस्ट. हे द्रावण कातडीच्या पेशी मऊ करून विरघळवतो. बुरशीच्या पेशींची भिंत मात्र त्याला दाद देत नाही. कातडी जाते, बुरशी उरते. खवले जाड असले तर काच जराशी गरम करतात, उकळी येऊ न देता. एरवी थांबायचं, दहा-पंधरा मिनिटं. आम्ही ती सगळी चित्रित केली आहेत. इथे वेग वाढवला आहे. पांढरट खवला आरपार दिसू लागतो तो हा क्षण.

(दृश्य : मायक्रोस्कोप)

काचपट्टीखालचं, उजेड एकवटणारं भिंग, म्हणजे कंडेन्सर, खाली; उजेड कमी. नवखा माणूस इथेच चुकतो. भगभगीत प्रकाश टाकतो आणि त्यात तंतू हरवतात. आधी कमी ताकदीचं भिंग, मग ४० पटीचं. आणि हे पाहा : पेशींच्या सीमा ओलांडून जाणारे, मध्ये आडवे पडदे असलेले, फाटे फुटलेले तंतू. गजकर्णाची बुरशी. शेजारची वेडीवाकडी, कधी जाड कधी बारीक दिसणारी रेघ कापसाच्या धाग्याची आहे. भल्याभल्यांना फसवते ती.

दुसरी काचपट्टी कातडीच्या घडीतल्या चट्ट्याची. इथे वाटोळ्या पेशी, त्यांना फुटलेले कोंब. ही कँडिडा, यीस्टच्या जातीची. नुसत्या नजरेला दोन्ही चट्टे लालच होते.

औषधाला मात्र हा फरक कळतो. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन संशोधक न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात होत्या. १९५० मध्ये त्यांनी निस्टॅटिन हे औषध जगापुढे आणलं; नावात ते राज्यच आहे. निस्टॅटिन कँडिडावर चालतं. गजकर्णावर चालत नाही.

(दृश्य : टेबलावर मांडलेल्या ट्यूबा, कॅमेरा हळूहळू सरकतो)

या ट्यूबांचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला. तिथल्या मेडिकेअर या, मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या औषध विम्यातून २०२१ या एका वर्षात वरून लावायच्या बुरशीनाशकांची सुमारे ६५ लाख प्रिस्क्रिप्शनं गेली. खर्च २३ कोटी १० लाख डॉलर, म्हणजे एका प्रिस्क्रिप्शनमागे ३५ डॉलरच्या आसपास. ही औषधं लिहून देणाऱ्यांपैकी सर्वात जास्त लिहिणाऱ्या १० टक्के जणांच्या हातून यातली ४४ टक्के लिहिली गेली. पहिला नंबर कीटोकोनॅझोलचा, दुसरा निस्टॅटिनचा. अशा नोंदीत औषधाचं नाव असतं, काचपट्टी नसते.

तिसऱ्या नंबरवर ही ट्यूब : क्लोट्रिमॅझोल हे बुरशीनाशक आणि बीटामेथासोन एकत्र. साडेनऊ लाखांच्या जवळपास प्रिस्क्रिप्शनं. बीटामेथासोन हे जोरदार स्टिरॉइड. खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश होतो. स्टिरॉइडनं कातडीचा प्रतिकार गप्प केलेला असतो, आणि त्याआड बुरशी पसरत राहू शकते. सुरुवातीला दाखवलेली ती ठसठशीत कड आठवा. ती पुसट होते, गोल मोडतो, नजरेला काही ओळखू येत नाही. वैद्यकात १९६८ पासून याला नाव आहे, टिनिया इनकॉग्निटो, म्हणजे वेश पालटलेला नायटा. काचेखाली मात्र अशा चट्ट्यात बहुतेकदा तंतूंची दाटी सापडते.

(दृश्य : प्रयोगशाळेतली बशी, पांढरट बुरशी)

ही बशीतली वाढ. बुरशीची नेमकी जात यातून ठरते, पण त्याला काही आठवडे जातात. अशाच एका जातीला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव २०२० मध्ये मिळालं. भारतात फैलावलेली ही बुरशी अनेकदा टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला जुमानत नाही, आणि आता ती इतर देशांतही सापडते आहे. भारतात २०१८ मध्ये स्टिरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आली. कीटोकोनॅझोलच्या गोळ्यांवर यकृताच्या धोक्यामुळे २०१३ मध्येच अमेरिकेत कडक मर्यादा आल्या होत्या.

(दृश्य : पुन्हा मायक्रोस्कोप)

तिसरी काचपट्टी. ज्याचा हा चट्टा, त्यानं सहा आठवडे बुरशीचं मलम लावलं आहे, गोळ्याही घेतल्या आहेत. आकार गोल, खवले आहेत, खाजही आहे. काच डावीकडून उजवीकडे, मग खालून वर. तंतू नाही. टेक्निशियननं दुसऱ्या कडेवरून पुन्हा खरवडून घेतलं, पुन्हा थेंब, पुन्हा थांबणं. हे दृश्य आम्ही कापलेलं नाही.

दुसऱ्यांदाही काही नाही. डॉक्टरांनी चट्टा परत तपासला. नाण्यासारखा गोल दिसणारा एक्झिमा, बुरशीचा नव्हे.

(दृश्य : जुनी चिठ्ठी. पेन दोन ओळींवरून आडवं फिरतं.)