मंथरेला पटलेलं असतं

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ललिता पवार यांच्याबद्दल. सिनेमातली खाष्ट सासू म्हणून त्यांच्यावर पुष्कळ बोललं गेलंय, म्हणून मी सुरुवात करते टीव्हीवरच्या मंथरेपासून. २५ जानेवारी १९८७, रविवार. दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं ‘रामायण’ त्या सकाळी सुरू झालं आणि पुढचं दीड वर्ष रविवारी साडेनऊला आपल्या पेठांमध्ये कसा शुकशुकाट व्हायचा, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना मी काय सांगणार! त्या अयोध्येत आपली मराठी माणसं किती होती बघा. दशरथ होते बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर. हे दोघं खऱ्या आयुष्यातही नवराबायको. भरत होता संजय जोग. आणि त्या भरल्या घराचं वाटोळं करायला पाठीत वाकून जी आली ती मंथरा, आपल्या येवल्याची.

ललिताबाईंचा जन्म येवल्याचा, १८ एप्रिल १९१६ चा. मूळ नाव अंबा. पुण्यात नानासाहेब सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत त्या लहानपणीच मूकपटांत काम करू लागल्या. पुढे नायिका झाल्या. १९३२ च्या ‘कैलाश’ या मूकपटात काम तर केलंच, शिवाय निर्मितीतही वाटा उचलला. त्या काळातली बाई निर्मिती करते, या गोष्टीची आपण हवी तेवढी दखल घेतलेली नाही, असं मला मनापासून वाटतं. असो.

मग १९४२ साल. ‘जंग-ए-आझादी’चं चित्रीकरण. प्रसंगात मास्टर भगवान यांनी, म्हणजे आपल्या भगवानदादांनी, त्यांना थप्पड मारायची होती. हात भलत्याच जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याची बाजू लुळी पडली. पुढे कितीतरी दिवस उपचार चालले. चेहरा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कामं तिथेच थांबली. डावा डोळा. एवढं लक्षात ठेवा, डावा डोळा. मला जी गोष्ट सांगायचीय ती त्याच्याशिवाय कळायची नाही.

आणि ती गोष्ट सांगण्याआधी एक सिनेमा. १९४४ चा ‘रामशास्त्री’. प्रभातचा, म्हणजे लॉ कॉलेज रस्त्यावर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथला. गजानन जागीरदार रामशास्त्री प्रभुणे, आणि ललिताबाई आनंदीबाई. ‘ध’चा ‘मा’ पुणेकरांना समजावून सांगायची गरज नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात जे घडलं ते आपण शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलोय.

आता माझी गोष्ट. ही मी सांगितल्याशिवाय राहत नाही, घरचे लोक म्हणतात दरवेळी सांगतेस. पण ऐका.

आम्ही नारायण पेठेत एका वाड्यात भाड्यानं राहायचो. टीव्ही एकच, मालकांकडे, सरकत्या दाराच्या लाकडी कपाटात. रविवारी सकाळी मालकीणबाई टीव्हीला हळदकुंकू वाहायच्या, उदबत्ती लावायच्या. आम्ही पोरं पुढे सतरंजीवर, बायका मागे भिंतीला टेकून, पुरुष उंबऱ्यात. ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या, त्यामुळे माजघरात दिवसाही अंधार.

त्या दिवशी मंथरा कैकेयीकडे येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती दिसली मात्र, बायकांनी बोटं मोडायला सुरुवात केली. मेली, काळतोंडी, कसा डोळा बारीक करते बघा. एक काकू म्हणाल्या, आवाज बंद करा, असलं बोलणं घरात नको. तेव्हा माझी आजी मोठ्यानं म्हणाली, “अगं, ती काय म्हणतेय ते ऐका तरी आधी! ही आनंदीबाई आहे. मी हिला ओळखते.”

आजी लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा सासूबाईंबरोबर आप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रभात टॉकीजमध्ये ‘रामशास्त्री’ बघून आली होती. तेव्हापासून ललिता पवार म्हटलं की ती कान टवकारायची. पण ते वाड्यात कुणालाच माहीत नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

सगळा वाडा हळहळला. रामायणाच्या वेळी वीज जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. पुन्हा दाखवतील याची सोय नाही. माझी आजी उठली. टीव्हीच्या कपाटापुढे जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतला, पाठ वाकवली, आणि डावा डोळा बारीक केला. डावा डोळा! आणि मालकीणबाईंना म्हणाली, “तुम्ही कैकेयी. बसा खुर्चीवर.”

मालकीणबाई बसल्या. आजी म्हणाली, “कैके, राम उद्या युवराज होणार.” मालकीणबाईंना कथा कीर्तनातून पाठ होती. त्या म्हणाल्या, “अगं, मग आनंदच आहे! हा घे दागिना.” आणि नुसता हात पुढे केला, कारण दागिना कुठे होता? आजीनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि फरशीवर आपटला. वाल्मीकींच्या रामायणात मंथरा कैकेयीनं दिलेला दागिना फेकून देते, तो हा. खणकन आवाज झाला. आम्ही पोरं दचकून एकमेकांना चिकटलो.

मला वाटलं, आता आजी ओरडेल. पण तिनं आवाज खाली आणला. इतका खाली की उंबऱ्यातले पुरुष पुढे सरकले. म्हणाली, “पोरी, मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. तुझं लग्न झालं तेव्हा पाठराखणीला आले ती परत माहेरी गेले नाही. उद्या कौसल्या राजमाता होईल, आणि तू तिच्या दारात उभी राहशील. तुझा भरत कुठाय? आजोळी. आत्ताच का बरं आजोळी?” मालकीणबाई म्हणाल्या, “राम मला भरताइतकाच आहे.” तर आजी त्यांच्या गुडघ्यापाशी बसली, त्यांचा हात हातात घेतला. “तुला तो आहे. तू त्याला आहेस का? या एवढ्या मोठ्या वाड्यात तुझं माझ्याशिवाय कोण आहे, सांग.”

आणि मालकीणबाई, ज्यांच्या मालकीचा तो सगळा वाडा होता, ज्यांच्यापुढे भाडेकरू हळू बोलायचे, त्या म्हणाल्या, “खरंच, कोणी नाही.”

हे कैकेयीचं वाक्य नव्हतं. सगळ्यांना कळलं. आजीनं हात सोडला नाही. मघाशी बोटं मोडणाऱ्या काकू उठून आत पाणी आणायला गेल्या. पुढची दोन-चार मिनिटं कुणी काही बोललं नाही, आणि मग वीज आली, तोवर तो भाग संपून गेला होता.

रात्री मी आजीला विचारलं, तुला मंथरा आवडते का? ती म्हणाली, “आवडायचा प्रश्न नाही. ललिताबाई वाईट बाईचं काम वाईट म्हणून करत नाहीत. त्या बाईला पटलेलं असतं.” मग आनंदीबाईबद्दल म्हणाली, “राघोबादादांवर जीव होता गं तिचा. नवऱ्याला गादी मिळावी, तेवढंच दिसत होतं.” श्रोतेहो, पुन्हा सांगते, कारण ललिताबाईंच्या अभिनयावर यापेक्षा नेमकं मी काही ऐकलेलं नाही. त्या बाईला पटलेलं असतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं रामायण पुन्हा दाखवलं, तेव्हा हुकलेला तो भाग मी बघितला. तेहतीस वर्षांनी. मधल्या काळात वाडा पडला होता, आजी गेली होती. मूळ प्रक्षेपणाच्या वेळी ललिताबाई सत्तरीच्या होत्या. समोर पद्मा खन्नांची कैकेयी. आणि मंथरेच्या बोलण्यात मला विषाच्या आधी काळजी ऐकू आली. माहेरची म्हातारी आपल्या मुलीसाठी बोलते, तशी. सगळा अनर्थ त्या मायेतूनच होतो, आणि म्हणून तो खरा वाटतो.

आजच्या मालिकांतली दुष्ट बाई बघवत नाही मला. तिचा चेहरा तीनदा जवळून दाखवायचा, प्रत्येक वेळी ढाण्‌ असा आवाज. ती असं का वागते, हे लेखकालाही माहीत नसावं. लेखकांनी नाटकं वाचावीत, श्रुतिका ऐकाव्यात. चेहरा न दाखवता माणूस कसा उभा करतात ते आपल्या पुणे आकाशवाणीनं १९५३ पासून करून दाखवलंय. श्रुतिकांना आज मिळतो त्यापेक्षा जास्त वेळ मिळायला हवा, हे माझं मत मी मिळेल त्या व्यासपीठावर मांडते, आज इथेही मांडलं.

तर ललिताबाई. ‘दहेज’, ‘श्री ४२०’मधली केळेवाली गंगामाई, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘प्रोफेसर’, यादी फार लांब आहे आणि वेळ थोडा. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेवटची वर्षं त्या आपल्या पुण्यातच होत्या, औंधला. २४ फेब्रुवारी १९९८ ला तिथेच गेल्या.

एक काम मात्र सांगते. हृषीकेश मुखर्जींचा १९५९ चा ‘अनाडी’. त्यात ललिताबाई मिसेस डिसा, राज कपूरची घरमालकीण. या कामाला फिल्मफेअर मिळालं. तोंडानं सतत खेकसणारी बाई, आणि पोरावर आईसारखी माया. ज्या डाव्या डोळ्यानं मंथरा झाली, त्याच डोळ्यात इथे वात्सल्य दिसतं. तिथेही बारीक, इथेही बारीक. हा सिनेमा मिळवून बघा. ती भाड्यावरून राज कपूरला झापत असेल तेव्हा शब्दांकडे फार लक्ष देऊ नका, डाव्या डोळ्याकडे बघा.

नमस्कार.